जाळीतला झेंडू

रिह्याच्या खोऱ्यात हल्ली भातापेक्षा फार्महाऊस जोमानं उगवतात. त्या फार्महाऊसांच्या मागोमाग चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्या आल्या आणि आठवडाभर हिंजवडीत खुर्चीला चिकटलेली माणसं शनिवार-रविवार त्या गाड्या घेऊन चिखलात लोळायला येऊ लागली. म्हशी फुकट लोळतात, ह्यांना त्यासाठी क्लब काढावा लागतो. राजू मात्र ह्यावर कधी हसला नाही, कारण त्याची चूल त्याच चिखलावर पेटत होती.

घोटावड्याच्या रस्त्याला भाताची एक जुनी गिरणी होती. गिरणी बंद पडली, पत्र्याची शेड उरली, तिथं राजूनं गॅरेज टाकलं. मागं त्याचं घर, बाजूला झेंडूचा तुकडा. तो मुख्यत्वे तीन कामं करायचा. चढाला गाडी तापू नये म्हणून रेडिएटर नि पंखे बदलायचे, दगडाधोंड्यांत वळायला हलकी जावी म्हणून स्टेअरिंगचं काम करायचं, आणि रात्री रानात समोरचं लख्ख दिसावं म्हणून दिवे बसवायचे. त्यातही पहिल्या कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. कुणी नुसता हॉर्न दुरुस्त करायला आला तरी राजू आधी बॉनेट उघडून रेडिएटरच्या जाळीत डोकवायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय निष्ठेनं काम करतो माणूस! निष्ठाबिष्ठा काही नव्हती. वर्षभरात त्याला दुसरीकडं बघायचं सुचलंच नव्हतं.

त्याची स्वतःची जुनी जीप शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असायची. तिच्यावर त्यानं वर्षभर जे काम केलं, तसं कुठल्या गिऱ्हाइकाच्या गाडीवरही केलं नव्हतं. पिकअपचा मोठा रेडिएटर कापून-जोडून बसवला. विजेवरचे दोन पंखे लावले. एका बोटानं फिरेल असं पॉवर स्टेअरिंग घातलं. पुढं असे दिवे लावले की ओढ्यापलीकडच्या आंब्याचं पान न् पान दिसावं, आणि धुक्यासाठी पिवळे वेगळे. इतकं करून जीप कुठं जात नव्हती. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. ज्यांना न्यायचं होतं ते गेल्या दसऱ्यालाच गेले होते.

राजूचे वडील, गेणबा. सगळे आबा म्हणायचे. गेल्या दसऱ्याला दिवेलागणीला ते गावात सोनं वाटून आले, ओट्यावर बसले आणि छाती धरून घामाघूम झाले. राजूची आई गोजराबाई तेव्हा देवळात होती, बायको शुभांगी माहेरी. राजूनं आबांना उचललं, जीपमध्ये घातलं आणि पिरंगुटच्या दवाखान्याकडं निघाला. रस्ता एके ठिकाणी उकरलेला होता म्हणून शेतातून वळसा घ्यावा लागला. तिथं ते जड स्टेअरिंग मागं-पुढं करता करता खांदे भरून आले. दिवे म्हणाल तर समईला लाज वाटावी असे. लोकांच्या गाड्यांना सूर्य बसवणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार! आणि खिंडीच्या चढाला गाडी उकळली. वाफेचा लोट आला, इंजिन बंद. राजूनं पट्टा बघितला, पाईप चाचपले, पाण्याचा कॅन रिकामा केला. मागून एक टेम्पो आला तोवर आबा संपले होते.

राख सावडून आल्यावर त्यानं जीप उघडली. रेडिएटरची सगळी जाळी झेंडूनं गच्च भरली होती. पाकळ्या आत ओढल्या जाऊन, शिजून, पिवळा चिखल झाला होता.

हार गोजराबाईनं घातला होता. दर दसऱ्याला घालायची. मनगटाएवढा जाड, आंब्याची पानं मधेमधे गुंफलेला, ह्या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत नाकावरून दोन पदर. दसऱ्याचा हार सुकून आपोआप पडेपर्यंत हात लावायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत. दरवर्षी दसऱ्याला जीप घरीच उभी असे, हार दारातच सुके, म्हणून कधी काही झालं नाही. त्या संध्याकाळी राजूनंही हाराकडं बघितलं नाही. सणाच्या दिवशी गाडीला हार असतोच, तो काय बघायचा? काखेत कळसा आणि गावाला वळसा. पट्टा, पाईप, पाणी सगळं तपासलं, आणि डोळ्यांसमोरचा हार काही दिसला नाही.

त्यानं एकट्यानं बसून ब्रशनं जाळी साफ केली, तो चिखल ओढ्याला सोडला आणि ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच. तिला कळलं तर ती डोकं आपटून घेईल, आणि एकाच आठवड्यात दुसरं मढं उचलायची त्याच्यात ताकद नव्हती. विचारेल त्याला तो सांगायचा, "जुनी गाडी. हीट झाली." पुढं कुणी विचारायचं नाही.

मग त्याला रडूही आलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. भाऊबंद म्हणाले, पोरगं घट्ट मनाचं आहे. घट्ट कुठलं, बधिर होतं. एकदा आमटीत मीठ दुप्पट पडलं, शुभांगीनं पहिल्याच घासाला थू केलं, राजूची वाटी तोवर संपली होती. शुभांगी लवळ्याला हॉस्टेलच्या मेसमध्ये कामाला जायची. ती म्हणायची, "तितल्या पोरांना पनीर दिलं तरी कुरकुर, आन् हितं माज्या नवऱ्याला कोंडा घातला तरी चालंल." तो हसायचा. हसायचं कुठं हे त्याला बरोबर कळायचं, हसू येत नव्हतं इतकंच.

घरातली बोलणी शुभांगीवरून जायची. "चहा झाला का इचार." "तिला म्हणावं, गोळ्या घेतल्या का." शुभांगी कामावर असली की तो ताटावर बसून "वाढ" म्हणायचा आणि गोजराबाई वाढायची. तिला डॉक्टरकडं न्यायचं, चष्मा बदलून आणायचा, पावसाआधी तिच्या खोलीवरचा पत्रा बदलायचा, सगळं तो वेळेवर करत होता. आपण आईला जपतोय, असंच त्याला वाटत होतं.

ह्या वर्षी दसरा तोंडावर आला तेव्हा अनिमेषची गाडी कामाला होती. अनिमेष मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. उमदा पोरगा, फक्त गप्प बसणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं चारचाकी ओढीचा पिकअप घेतला होता आणि दसऱ्याला बायकोला, अनुष्काला, ताम्हिणीतून कोकणात न्यायचं म्हणत होता.

"राजूभाऊ, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण गाडी गरम नको व्हायला. घाटात अडकलो तर अनुष्का मला तिथंच सोडून जाईल."

राजूनं रेडिएटर बदलला, पुढून हवा ओढणारे दोन पंखे बसवले, स्टेअरिंगचा खडखडाट काढला, दिव्यांना पुरती वीज मिळावी म्हणून रिले घालून वायरिंग नवं केलं. संध्याकाळी शेडच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून दिव्यांची उंची जुळवली, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपू नयेत. खंडेनवमीला अनिमेष गाडी न्यायला आला. बाकीच्या गॅरेजांत पान्यांना हळदकुंकू लागलं होतं. राजूच्या घरी वर्ष पुरं व्हायचं होतं म्हणून सण नव्हता. पण झेंडू काही सुतक पाळत नाही. तो फुलला होता आणि गोजराबाई रस्त्याला बसून हार विकत होती.

गाडी बाहेर निघालेली बघून ती उठली. सगळ्यात जाड हार तिनं उचलला.

"थांब की रं लेकरा. येवडी नवी केलीस गाडी, आन् बोडकी नेतुयास?"

"वा काकू! घाला, घाला. थांबा, व्हिडिओ घेतो."

तिनं हार गाडीच्या नाकावर घातला. दोन पदर. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून टोकं जाळीच्या फटींत आत खोचली. कुंकू लावलं. राजू पाना घेऊन दोन हात अंतरावर उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं. हार जाळीवर नको, वर बॉनेटवर घाल. बस. पण ती विचारणार, का? जन्मभर ती प्रत्येक गोष्टीला 'का' विचारत आली होती. आणि एकदा तिनं 'का' विचारलं की उत्तर वर्षभर मागं जाणार होतं. त्यानं स्वतःला सांगितलं, नवे पंखे आहेत, चालून जाईल. खरं तर त्याला पक्कं ठाऊक होतं की नवे पंखे पाकळ्या जास्त जोरानं ओढतील. ठाऊक असूनही त्याला भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. गाडी गेली तसा तो आत जाऊन पाने पुसत बसला.

दसऱ्यालाच आबांचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आली तसा अनिमेषचा पिकअप थांबत-थांबत, धापा टाकत गॅरेजच्या दारात आला.

"राजूभाऊ, हे बरोबर नाही हं," अनिमेष उतरता उतरताच म्हणाला. चिडला होता, पण चिडायची सवय नव्हती. "कूलिंगचंच काम केलं ना आपण? ताम्हिणीत काटा लाल. तासभर रस्त्याच्या कडेला. अनुष्का माझ्याशी बोलत नाहीये. शेवटी उतारानं परत आणली."

गोजराबाई घरातून चहा घेऊन येत होती. राजूनं तिला येताना बघितलं. गाडी मागं वळवून शेडमध्ये घ्यावी, असं त्याच्या मनात आलं, पण अनिमेष बॉनेट उघडून मोकळा झाला होता. राजूनं पुढची जाळी सोडवली, आत हात घातला आणि मूठ भरून झेंडू बाहेर काढला. काढतच राहिला.

अनिमेषचा राग क्षणात उतरला. हसून हसून तो बेजार झाला. त्यानं फोटो काढला.

"काकू, हे बघा! तुमच्या हारानं गाडीचं नाक दाबलं. आत हवाच नाही!"

गोजराबाई कप घेऊन तशीच उभी राहिली. "फुलानं गाडी बंद पडती?"

"पडणारच ना. हवा नाही तर रेडिएटर थंड कसा होणार? सपाटीला चालते कशीबशी, पण चढाला लागली की उकळलीच. विचारा राजूभाऊंना. थांबा, क्लबच्या ग्रुपवर टाकतो. सगळ्यांनी हार घातलेत."

राजू खाली बघून पाकळ्या वेचत होता. गोजराबाईनं एक कप अनिमेषच्या हातात दिला, दुसरा बाकड्यावर ठेवला आणि घरात गेली. जाळी साफ झाली, गाडी चालू करून काटा बघितला, अनिमेषनं दोनदा सॉरी म्हटलं आणि तो अनुष्काची समजूत काढायला निघून गेला.

राजूनं गार चहा पिऊन टाकला. वळून बघतो तर गोजराबाई शेडच्या कोपऱ्यात. तिनं जीपवरची ताडपत्री ओढून काढली होती आणि ती नाकासमोर वाकून आत बघत होती. नव्या रेडिएटरची जाळी स्वच्छ होती. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"हितं बी व्हती का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"राजू."

"न्हाई म्हनलं ना. जुनी गाडी. हीट झाली."

"ह्ये तू गावाला सांगितलंस. मी गाव हाय का?"

ती सरळ उभी राहिली. कंबर धरून, सावकाश.

"वरीस झालं, तू मला आये म्हनून हाक मारली न्हाईस."

राजूला आधी ते खोटंच वाटलं. असं कसं होईल, म्हणून त्यानं मागं जाऊन शोधलं. गणपती शोधले, पावसाळा शोधला, चष्म्याच्या दुकानातला दिवस शोधला. दुकानदाराला तो म्हणाला होता, ह्यांना ही फ्रेम दाखवा. ह्यांना! कुठंच ती हाक सापडेना. त्यानं ठरवून टाकली नव्हती. गेली कधी तेच त्याला कळलं नव्हतं.

"मी म्हनायची, बा गेला, दुःखात हाय पोरगं. पर बायकूला हाक मारतुयास. गिऱ्हाइकाला भाऊ-दादा करतुयास. कुत्र्याला बी नावानं बोलावतुयास. माज्याच वाटंला 'वाढ' न् 'इचार तिला'. रातच्याला पडून मी हिशेब लावायची, माजं काय चुकलं, काय चुकलं. आता सांग. फुलं व्हती का न्हाई?"

"व्हती," राजू म्हणाला. "समदी जाळी भरली व्हती."

आता ती कोसळणार. वर्षभर त्यानं ज्याच्यासाठी तोंड शिवलं होतं ते आता होणार, म्हणून तो तिला धरायला पुढं झाला. ती कोसळली नाही. तिनं श्वास सोडला, मोठा, आणि जीपच्या बंपरवर बसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "कारन निघालं. मला वाटलं व्हतं, बिनकारनाचाच तुटलास."

नवरा आपल्या हारानं गेला हे ऐकून बाई म्हणत होती, बरं झालं. म्हणजे त्याहूनही वाईट काहीतरी तिनं वर्षभर सोसलं होतं, आणि ते देणारा तो होता. त्याला लाज वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हे.

"हार मी घातला," ती म्हणाली. ती बोलायला कधीच मऊ नव्हती. "बघायचं तुजं काम व्हतं. तू मिस्तरी. दोगांचं बी चुकलं, मग एकट्यानं कशाला गिळून बसलास?"

"तुला सोसलं नसतं."

"ते मी बघितलं असतं. तू कोन ठरवनार?" मग आवाज उतरवून, "काय बोललं का रं ते? गाडीत?"

हे त्यानं शुभांगीलाही सांगितलं नव्हतं.

"गाडी उकळली तवा मी लई घाबरलो. तापल्याली असतानाच झाकन उघडाय लागलो. तर मागनं म्हनले, 'आरं, भाजशील. घाई नगं करू. गार व्हऊ दी, मग वत पानी.' येवडंच. मी थांबलो. त्यांनी सांगितलं म्हनून थांबलो. मग पानी वतलं, वळून म्हनलं, आबा, झालं आता. तर..."

गोजराबाईनं पदर तोंडावर घेतला. आधी नुसते खांदे हलले. मग आवाज आला. वर्षापूर्वी बायकांच्या घोळक्यात ती रीतीप्रमाणं रडली होती, हे रडणं तसलं नव्हतं. स्वतःच्या जिवाची धडगत नसताना पोराचा हात भाजू नये म्हणून जपणारा तिचा नवरा आज तिला नव्यानं कळला होता, आणि आजच तो गेला होता.

राजू समोर उभा होता. तिला हात लावावा की नको, कळेना. त्याच्या हातांना अजून झेंडूचा वास येत होता, म्हणून त्यानं ते पँटला पुसले.

"आये," तो म्हणाला.

तिनं ओ दिली नाही. तिला ऐकूच गेलं नव्हतं. तो वाकला, तिच्या गुडघ्याशी बसला आणि लहानपणी बांधावरून हाक मारायचा तशी मोठ्यानं मारली, "आये!" मधेच आवाज फुटला आणि उरलेली हाक रडण्यात गेली.

तिनं पदर खाली घेतला. नाक पुसलं. "काय हाय? काय पायजे?"

त्याला काहीच नको होतं. त्यानं परत नुसतीच हाक मारली.